आमच्या मुख्य स्वयंपाकीण बाई परस्पर ऑर्डरी घेऊन राहिल्या, काय करू?

पत्र थोडक्यात असं आहे. नागपुरातल्या एक ताई, बँकेतून रिटायर झालेल्या, त्यांनी दोन मैत्रिणींना घेऊन एक छोटी संस्था काढली. पाकिस्तानच्या सिंधमधून इकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांतल्या बायकांना स्वयंपाकातून काम मिळावं म्हणून जरीपटक्याच्या बाजूला एक किचन भाड्यानं घेतलं, ऑफिसचे लंच, वाढदिवस, किटी पार्टी अशा ऑर्डरी घेतात, दाल-पकवान, साई भाजी, कोकी असा सिंधी मेनू. महिन्यात आठ-दहा दिवस ऑर्डर असते, त्या दिवशी बाईला ५०० रुपये रोज. ग्राहकाला प्लेट २२० ला. आता झालं असं की त्यांच्या सगळ्यात तरबेज बाईनं (आपण त्यांना दीदी म्हणू) संस्थेच्याच एका ग्राहकाकडची ४० प्लेटची ऑर्डर घरून करून दिली, १८० च्या भावानं. मैत्रिणी म्हणतात स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या की दोन वर्षं बाहेर कुठं स्वयंपाक करणार नाही, नाहीतर काढून टाका. मे महिन्यात ३०० माणसांच्या लग्नाची ऑर्डर हातात आहे आणि ती दीदींशिवाय होणार नाही. ताई विचारतात, "आम्ही इतकं केलं त्याचं हेच फळ का? विश्वास कुणावर ठेवायचा?"

*

ताई, आधी हिशोब करू, रागाचं नंतर बघू, कारण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी काय हिशोब शिकवणार पण या पत्रात तुम्ही तो केलेला दिसत नाही.

महिन्यात आठ-दहा दिवस गुणिले ५००, म्हणजे दीदींच्या हातात महिन्याला चार ते पाच हजार. ४० प्लेट १८० नं म्हणजे ७२००. त्यातून किराणा, तेल, भाजी याचे अडीच हजार धरा, गॅस, डबे, ऑटो याचे हजार, तरी ३७०० उरले. एका ऑर्डरीत. तुमच्याकडच्या पूर्ण महिन्याच्या कमाईच्या जवळपास पाऊण भाग किंवा त्याहून जास्तच, तेही घरी बसून, पोरांकडे लक्ष देऊन. आता तुम्हीच सांगा, तुमच्या सुनेनं, पोरीनं असं केलं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं? हुशार आहे पोरगी असंच म्हटलं असतं ना.

मी असं म्हणत नाही की तुम्ही मधले पैसे खाता. किचनचं भाडं, कमर्शियल सिलिंडर, टेंपो, लाइट बिल, बाकीच्या बायकांचा रोज, हे सगळं २२० मधूनच जातं मला कळतं. पण खरा खड्डा कुठं आहे बघा. किचनचं भाडं तीस दिवसांचं जातं आणि चूल पेटते दहा दिवस. म्हणजे दीदी दहा दिवस राबून उरलेल्या वीस रिकाम्या दिवसांचं भाडं भरून राहिल्या. त्यांनी हे कागदावर मांडलं नसेल पण बाईमाणसाला असला हिशोब कागदाशिवाय कळतो.

"आम्ही तिला उभं केलं" असं तुम्ही लिहिलंय. यात थोडं थांबा. स्वयंपाक तुम्ही शिकवला नाही. पकवान म्हणजे मैद्यात जिरं-मिरं घालून घट्ट मळायचं, पातळ लाटायचं, काट्यानं टोचे मारायचे म्हणजे फुगत नाही, आणि मंद आचेवर तळत बसायचं, घाई केली की बाहेरून लाल आणि आतून चिवट. वर चण्याची डाळ अशी शिजवायची की दाणा अख्खा दिसला पाहिजे पण बोटानं दाबला की लोणी. हे सगळं त्या घरून घेऊन आल्या, सामानसुमान मागं राहिलं असेल पण हे कुणी हिसकावू शकत नव्हतं. तुम्ही दिलं ते वेगळं आहे आणि कमी किमतीचं बिलकुल नाही: धरमपेठेतल्या ग्राहकाशी फोनवर कसं बोलायचं, बिल कसं द्यायचं, डाळ आणि पकवान वेगळं पॅक करायचं, वेळ म्हणजे वेळ. ते त्यांनी शिकून घेतलं आणि वापरलं. संस्थेच्या नोंदणीच्या कागदात उद्देश म्हणून काय लिहिलंय ते काढून वाचा एकदा. "महिलांना स्वावलंबी करणे" असं काहीतरी असेलच, सगळ्यांच्या कागदात असतं. मग ते झालं की राग काहून येऊन राहिला?

येतो, कारण ग्राहक तुमचा होता. ही तक्रार खरी आहे आणि मी ती उडवून लावणार नाही. तुमच्या ओळखीतून आलेला माणूस, तुम्ही वर्षभर सांभाळला, आणि एके दिवशी त्यानं सरळ दीदींना फोन केला. पण फोन कुणी केला? तुमच्याच पत्रात आहे, त्या ग्राहक बाईंनी केला. तुमच्या ग्राहकाला प्लेटमागं ४० रुपये वाचवायचे होते आणि तुम्हाला न सांगता वाचवायचे होते. त्यांच्याबद्दल पत्रात एक शब्द नाही बरं का, सगळा राग दीदींच्या वाट्याला. हे असं का झालं ते तुम्ही स्वतःशीच बघा.

आता स्टॅम्प पेपर. तो विषय बंदच करा. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ आहे, कुणाला कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल ठरतो. नोकरीत असताना "आमच्या ग्राहकाची ऑर्डर परस्पर घेऊ नको" असं लिहून घेता येतं, पण काम सोडल्यावर दोन वर्षं चूल पेटवायची नाही असलं काही टिकत नाही. आणि वर जर तुमच्या मैत्रिणीच्या डोक्यात असेल की आधी दहा-वीस हजार उचल द्यायची आणि ती फिटेपर्यंत बांधून ठेवायचं, तर बाप्पा, ते वेठबिगारीच्या दिशेनं जातं, त्याच्यासाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. कुणाचा पासपोर्ट, व्हिसाचा कागद "सांभाळायला" म्हणून संस्थेच्या कपाटात असेल तर आजच परत द्या. झेरॉक्स ठेवा, ओरिजिनल नाही. चांगल्या मनानं ठेवलेला असला तरी.

पत्राच्या शेवटी शेवटी तुम्ही एक गोष्ट जाता जाता लिहिली आहे आणि मला ती सगळ्यात मोठी वाटते. दीदींनी बॅनरवरचा त्यांचा फोटो काढायला सांगितला होता, तुम्ही "देणगीदारांना चेहरा लागतो" म्हणून ठेवला, आणि "तेव्हापासून तिचं मन लागत नाही" असं तुम्हीच लिहिता. ताई, उत्तर तर तुमच्याच पत्रात आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले तेव्हा सरकारनं सांगितलं होतं की हिंदूंना दिलेले लाँग टर्म व्हिसा चालू राहतील, पण हे नीट कळेपर्यंत त्या गल्ल्यांमध्ये लोक काय जीव मुठीत धरून बसले असतील याचा विचार करा. आणि त्या दिवसांत एखाद्या बाईचा हसरा फोटो, खाली "पाकिस्तानातून आलेल्या", हॉलच्या दारात टांगलेला. दाल-पकवान विकायला हे लागत नाही. जरीपटक्यात दाल-पकवान खाणारा माणूस विचारत नाही की ताई तुम्ही कोणत्या साली आल्या. १९४७ नंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी तो भाग वसवला, दुकानं टाकली, आज कुणी त्यांना निर्वासित म्हणतं का? फोटो उतरवा. देणगीदाराला चेहरा पाहिजे असेल तर तुमचा द्या, तुम्ही पण तर राबताच.

म्हणजे दीदी फक्त पैशासाठी गेल्या असं मला वाटत नाही. पैसाही आहे, पण कुणीतरी त्यांना "तुमच्या हातचं खायचंय" म्हणून फोन केला, मदत म्हणून नाही, हेही आहे.

मग करायचं काय? तुमच्यासमोर तुम्ही दोनच रस्ते ठेवलेत, बांधून ठेवा किंवा काढून टाका. मला तिसरा दिसतो आणि तो त्या वीस रिकाम्या दिवसांतून जातो. किचन रिकामं आहे ना, मग ते बायकांनाच वापरू द्या. ज्या दिवशी संस्थेची ऑर्डर नाही त्या दिवशी कुणाही बाईनं स्वतःची ऑर्डर आणावी, किचनचे दिवसाचे ठरलेले पैसे द्यावे, गॅस मोजून, आणि बाकी कमाई तिची. बिल संस्थेच्या नावानं फाडा म्हणजे ग्राहकालाही पक्कं बिल आणि फूड लायसन्सचा प्रश्न सुटतो. भाव तिचा ती ठरवेल, पण एक नियम घाला की संस्थेच्या ग्राहकाला संस्थेपेक्षा कमी भाव नाही, आणि संस्थेच्या ओळखीतून आलेल्या ऑर्डरीवर पहिलं वर्ष दहा टक्के संस्थेला. वर्षानंतर तो ग्राहक ज्याचा त्याचा. हे साध्या मराठीत किंवा हिंदीत एका पानावर लिहा, वाचून दाखवा, दोघांच्या सह्या. त्यांना सिंधी अरबी लिपीत वाचता येत असेल आणि देवनागरी येत नसेल तर कुणाकडून तरी लिहून घ्या, सही करणाऱ्याला कळलं पाहिजे कशावर सही करतो ते.

याच्यात तुमचाही फायदा आहे, नुसता उपकार नाही. भाड्याचा खड्डा भरतो. आणि उद्या दीदी पूर्णच गेल्या तरी किचन भाड्यानं वापरायला ग्राहकासारख्या परत येतील.

घरून करायचंच असेल तर तेही करू द्या, फक्त कागद नीट करून. फूड लायसन्सचं रजिस्ट्रेशन माणसाच्या नि जागेच्या नावावर असतं, तुमच्या किचनचा १४ आकडी नंबर त्यांच्या घरच्या ओट्याला चालत नाही. छोट्या धंद्याला साधं रजिस्ट्रेशन पुरतं, एफएसएसएआय म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉसकॉस पोर्टलवर होतं, फी किरकोळ आहे. तुम्ही बसून भरून द्या ना, बँकेत इतके फॉर्म भरले. संस्थेची खरी मदत ही. असला फॉर्म दीदींना एकटीला भरायला सांगितला तर त्या पहिल्याच पानावर अडकतील कारण प्रत्येक ठिकाणी कागद विचारतात आणि त्यांचे कागद आपल्यासारखे नाहीत.

कागदांचं थोडं सविस्तर सांगते कारण अशी पत्रं मला दुसरीकडूनही येतात. आपल्या देशानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही, त्यामुळे "निर्वासित" म्हणून कुणाला काय करता येतं हे सरसकट सांगताच येत नाही, प्रत्येकाच्या हातात कोणता कागद आहे त्यावर सगळं. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेले हिंदू, शीख वगैरे लाँग टर्म व्हिसावर असतील तर त्यांना खासगी नोकरी करता येते, छोटा स्वतःचा धंदा करता येतो, बँक खातं, पॅन, आधार काढता येतं, यातल्या बऱ्याच सवलती सरकारनं २०१६ मध्ये दिल्या. पण छिंदवाड्याला, सिवनीला ऑर्डर घेतली नि टेंपोत बसून निघाले असं नका करू, राज्याबाहेर जायच्या आधी परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात विचारून घ्या. जे ३१ डिसेंबर २०१४ च्या आत आलेत त्यांना २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याखाली नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. एकदा नागरिकत्व मिळालं की मुद्रा लोनचा दरवाजा उघडतो, शिशु गटात ५० हजारांपर्यंत, एक मोठी कढई, कमर्शियल शेगडी नि फ्रीज त्यात बसतो.

तिबेटी लोकांचं वेगळं. आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग वसाहत आहे १९७२ पासूनची, हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येतात ते आपल्याला माहीतच आहेत. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं आणि २०१४ च्या पुनर्वसन धोरणात धंदा-व्यवसाय करू देण्याचं म्हटलंय. त्यांच्यासोबत कुणी मोमो-थुक्पाचं किचन काढायचं म्हणत असेल तर जरूर काढा, फक्त मोमो आता कोपऱ्याकोपऱ्यावर २० जण विकतात, त्यापेक्षा तिंगमो (वाफवलेला तिबेटी पाव) नि रस्सा विका, नागपूरकराला रश्श्यात बुडवून खायचं काहीही चालतं. आणि ज्यांच्याकडे फक्त संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित कार्ड आहे त्यांना कामावर ठेवायच्या आधी वकिलाला विचाराच, कारण त्या कार्डानं नोकरीचा हक्क मिळत नाही, आणि धाड पडली तर तुमचं काय व्हायचं ते होईल, त्या माणसाचं फार वाईट होतं.

तुमच्या किचनची दुसरी अडचण अशी दिसते की सगळं एका बाईवर उभं आहे. दीदी तापानं पडल्या तरी लग्न बोंबललं असतं. चटण्या, मसाला, डाळीचं प्रमाण लिहून काढा, अंदाजे नाही, वजनकाट्यावर, ५० प्लेटला किती असं. पण ही रेसिपी त्यांची आहे, फुकट नका मागू. लिहून देण्याचे नि दुसऱ्या दोघींना शिकवण्याचे वेगळे पैसे द्या. लंडनमध्ये मायग्रेटफुल नावाची संस्था आहे, २०१७ पासूनची, तिथं निर्वासित आणि स्थलांतरित लोक स्वतः कुकिंग क्लास घेतात, गावातले लोक पैसे भरून शिकायला येतात. शिकवणारा तिथं मास्तर असतो, आणि बोलून बोलून भाषाही सुधारते. रविवारी सकाळी तुमच्या किचनमध्ये दहा बायकांना पकवान शिकवायचा क्लास काय अवघड आहे? नागपूरच्या बायका येतील, मी सांगते, फक्त त्याला "मदतीसाठी या" म्हणू नका.

ऑर्डरी कमी का येतात हेही थोडं बघा. तुमचा मेनू तुम्ही "सिंधी स्पेशल" म्हणून विकता, ठीक आहे, पण साई भाजी म्हणजे काय हे मराठी घरात माहीत नाही. पालक, आंबट चुका, चण्याची डाळ, एकत्र शिजवून घोटलेलं. अहो ही तर आपल्या डाळभाजीची सख्खी बहीण! वैदर्भी लग्नात डाळभाजी नाही असं होतं का? पंक्तीत डाळभाजीच्या जागी साई भाजी वाढून बघा, सोबत भाकरी, कुणी नाव विचारल्यावर सांगा. आणि सहानुभूतीची ऑर्डर एकदा येते, दुसऱ्यांदा चव लागते. आपल्याकडचं सावजीचंच बघा ना, हातमागाचं काम बसलं तेव्हा हलबा कोष्टी घरांमधून खानावळी निघाल्या, घरच्याच मसाल्यावर. लोक तिथं कुणाचं भलं करायला जात नव्हते, नाकाडोळ्यातून पाणी काढणारा रस्सा खायला जात होते.

बाकीच्या बायकांचा रोज ५०० हा फक्त ऑर्डरीच्या दिवशी, हे मला खटकतं पण लगेच बदलता येईल असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. निदान एवढं करा, दिवस किती तासांचा हे ठरवा, सकाळी सहाला भाजी निवडण्यापासून रात्री भांडी घासेपर्यंत एकच रोज असेल तर किमान वेतनाच्या नियमात तो बसतो का हे एकदा कामगार खात्याकडून तपासून घ्या. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे म्हणून मजुरीचे कायदे लागत नाहीत असा गैरसमज भल्याभल्यांचा असतो. आणि देणगीचा पैसा नि विक्रीचा पैसा वेगळ्या वहीत ठेवा, तुम्ही बँकवाल्या आहात, पुढं बोलत नाही.

मैत्रिणींना कसं समजवायचं? "कृतघ्न" वगैरे शब्द मीटिंगमध्ये निघाले की बोलणं तिथंच संपतं. तुम्ही वरचा ३७०० चा हिशोब एका कागदावर मांडून नुसता समोर ठेवा आणि विचारा, तुम्ही दीदींच्या जागी असत्या तर? दीदींना त्या मीटिंगला बोलवा पण चौकशीला उभं केल्यासारखं नको, त्यांच्या घरी जा त्यापेक्षा, चहा घ्या. त्या काय म्हणतील सांगता येत नाही. कदाचित त्या म्हणतील मला पूर्णच मोकळं व्हायचंय, तर होऊ द्या, त्याचीही तयारी मनात ठेवून जा. वाईट वाटेल. तीन-चार वर्षं सोबत कढईसमोर उभं राहिलेलं माणूस जातं तेव्हा वाटतंच, त्याला इलाज नाही. पण ते वाईट वाटणं त्यांच्यावर दंड म्हणून बसवू नका.

आता लग्नाचं. ३०० माणसं म्हणजे ५०० रुपये रोजाचं काम नाही हे. दीदींना या एका ऑर्डरीपुरतं ठेकेदार म्हणून घ्या, त्यांना त्यांचा रेट विचारा, हेल्पर त्या निवडतील, अर्धे पैसे आधी द्या, लेखी. मे महिना नागपूरचा, पारा ४५ च्या पुढं जातो, त्यामुळे पकवान आदल्या दिवशी तळून घट्ट डब्यात ठेवलं तर चालतं, डाळ मात्र त्याच सकाळी, आणि वाढेपर्यंत ६० डिग्रीच्या वर गरम राहिली पाहिजे, थर्मामीटर एक घेऊनच टाका. दही-चटणी बर्फाच्या पेटीत. टेंपोवाल्याला सांगा दुपारी बाराच्या आत हॉलवर, आणि हॉलवाल्याला आजच विचारा की मागच्या बाजूला सावली आणि पाण्याचा नळ आहे का.